आठवं उत्तर

कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला तेव्हा त्यावरचा 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द प्राचार्यांच्या फोटोपेक्षा मोठा होता, आणि त्याच्याखाली 'खगोल'च्या जागी 'भूगोल' छापलं होतं. मी तरातरा केबिनमध्ये गेले. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, उद्या पाहुणे येतायत. आता परत कुठे छापणार? कोण वाचतंय एवढं!" मी म्हटलं, "मी वाचतेय ना." शेवटी शिपायाने त्या अक्षरावर पांढरा कागद चिकटवला, वर स्केचपेनने 'ख' काढला आणि उद्घाटनाचा नारळ फुटला. त्या दिवशी मी सकाळपासून सगळ्यांवर खेकसत होते, आणि आतून इतकी खूश होते की मला डबा गेला नाही.

पेणच्या त्या कॉलेजात मी पंचवीसेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते. राहायला रोह्याला लागून असलेल्या अष्टमीत. नवरा रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला, आणि मी रोज सकाळी गाडीने पेणला, संध्याकाळी परत. एम.एस्सी.ला असताना मला विश्वरचनाशास्त्राने झपाटलं होतं. विश्व किती वेगाने पसरतंय, आणि त्यातलं जे दिसतच नाही त्याचं वजन कसं करायचं, असले प्रश्न घेऊन मी मेसच्या जेवणाच्या रांगेत मैत्रिणींचं डोकं खायची. पीएच.डी.ला प्रवेशही मिळाला होता. तेवढ्यात लग्न ठरलं. मला कोणी अडवलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. मीच म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मग मुलगा झाला, नोकरी लागली, आणि पुढची पंचवीस वर्षं मी पोरांना लंबकाचा दोलनकाल मोजायला लावला.

म्हणून त्या फ्लेक्सवरचा खगोल उपक्रम आला तेव्हा मी त्यावर झडपच घातली. परदेशातलं एक विद्यापीठ, आपल्याकडची एक संशोधन संस्था आणि चार देशांतल्या लहान गावांची कॉलेजं असा तो मेळ होता. काम सांगायला सोपं होतं. फार दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेत दुसरी एखादी जड दीर्घिका असली, तर तो तिच्या बाजूने वाकतो. मग मागची दीर्घिका आपल्याला ठिपक्यासारखी न दिसता ताणलेल्या कमानीसारखी दिसते. कमान किती वाकलीय त्यावरून मधल्या दीर्घिकेत न दिसणारं द्रव्य किती आहे ते काढता येतं. दुर्बिणींनी अशी चित्रं ढिगाने काढून ठेवली होती. संगणकाला कमानी ओळखायला शिकवायचं तर आधी माणसांनी त्या ओळखायला हव्यात. आमच्या मुलांनी प्रयोगशाळेत बसून एकेक चित्र बघायचं आणि तीनपैकी एक उत्तर द्यायचं: कमान आहे, कमान नाही, सांगता येत नाही.

काम नीट पार पडलं तर प्रत्येक कॉलेजच्या शिक्षकाचं नाव शोधनिबंधाच्या लेखकांत जाणार होतं. आणि प्रत्येक देशातून एका मुलाला सहा आठवडे तिकडच्या विद्यापीठात शिकायला बोलावणार होते, येण्याजाण्याच्या खर्चासकट. मी ते पत्र चार वेळा वाचलं. मुलाची ओळ एकदा वाचली, माझी तीनदा.

सात मुलं घेतली. धरमतरकडच्या मिठागरावर काम करणाऱ्या घरातला एक, आतल्या गावांतले भातशेतीवाल्यांचे चौघे, आणि पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यांतल्या दोन मुली. त्या दोघींतली एक दुसऱ्या वर्षाला होती. अंगाने बारकी, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, प्रश्न विचारला की उभी राहून गप्प. इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. तिचा बाप कारखान्यात आखणी करायचा. मूर्ती रंगवून झाल्यावर शेवटी डोळे आणि भिवया काढतात त्याला आखणी म्हणतात, आणि ते काम कोणाच्याही हाती देत नाहीत. ही मुलगी शाळेत असल्यापासून बापाच्या शेजारी बसून लहान मूर्तींच्या भिवया ओढत होती.

पहिल्याच आठवड्यात मी भिंतीवर एक चित्र दाखवलं आणि सांगितलं, ही बघा कमान. मागून आवाज आला, "मॅडम, ही कमान नाय."

मी वळले. वर्ग हसला.

"का नाही?"

"दोनदा हात टेकवून ओढलीय. मधी जोर तुटलाय. ही दोन वेगळी हायत, जवळ आल्यात नुसती."

मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, बघू या. सरावाच्या चित्रांची उत्तरं तिथेच मिळायची. मी कळ दाबली. दोन वेगळ्या दीर्घिका, योगायोगाने शेजारी. पोरं माझ्याकडे बघत होती. मी हसले आणि म्हटलं, शाब्बास, पण कानामागून आली आणि तिखट झाली असं मनात आलंच.

तिची नजर खरोखरच तशी होती. एका झटक्यात ओढलेली रेघ कुठली आणि जुळवलेली कुठली, हे तिला बघताक्षणी कळायचं. बाकीची मुलं तासभर डोळे फोडायची आणि मग खुर्ची मागे करून म्हणायची, "गो, हे बघ जरा." ती उठून यायची, वाकून बघायची, एक शब्द बोलायची आणि परत जाऊन बसायची. ती बोलेल तेच उत्तर सगळे भरायचे.

सूचनांचं पान माझ्याकडे होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: प्रत्येकाने आपापलं उत्तर द्यावं, आणि शंका असेल तर 'सांगता येत नाही' हे निवडावं. मी ते फळ्यावर मराठीत लिहिलंही होतं. एकदा मिठागरावरच्या मुलाला मी हटकलं, तर तो म्हणाला, "मॅडम, कॉपी कुठं करतोय? तिला ज्यास्त कळतं, म्हणून तिला दाखवून घेतो. आपल्या कॉलेजातून चुकीचं कशाला पाठवायचं?"

मी त्याला सोडून दिलं. पेणमध्ये काम असंच होतं. कारखान्यात रंगाला दहा हात लागतात, पण एका गाडीत जाणाऱ्या सगळ्या मूर्तींचे डोळे एकाच हाताचे असतात. कोणाची भिवई बिघडली, कोणाला शंका आली, तर आखणीवाल्याला दाखवतात. तो ठीक करतो आणि मगच माल बाहेर पडतो. 'सांगता येत नाही' म्हणून मूर्ती कोणी गाडीत चढवत नाही. मुलांच्या दृष्टीने ते लबाडी करत नव्हते, जास्तीत जास्त चोख काम करत होते. तिकडच्या लोकांना मात्र नेमकी ती शंकाच हवी होती. आठ जणांना वेगवेगळं काय वाटलं, कुठे मतं फुटली, यावरून ते चित्राचा भरवसा ठरवणार होते. मला हे कळत होतं. मुलांना कळत नव्हतं आणि मला कळत होतं, हा फरक मी आजही स्वतःला विसरू देत नाही.

आणि मी वर आठ म्हटलं, सात नाही. उत्तरं भरायला प्रत्येकाचं वेगळं खातं होतं, आणि आठवं माझं होतं.

सुरुवातीला मी माझं मीच केलं. पण सरावाच्या चित्रांवर शेवटी गुण दाखवायचे, आणि माझे गुण त्या मुलीच्या निम्म्यानेही नसायचे. मुलं घरी गेल्यावर मी परत बसायची, परत तेच. जिच्यासाठी मी आयुष्यभर हळहळत होते ती विद्या समोर उघडी होती आणि मला साधी कमान ओळखता येत नव्हती. एक दिवस मी सहज आवाज दिला, "अगं, जरा इकडे ये." दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. महिन्याभरात ती आपलं काम संपवून न बोलवता माझ्या खुर्चीशी येऊन उभी राहायला लागली. मी चित्र पुढे सरकवायची, ती "हाय", "नाय" म्हणायची आणि मी कळ दाबायची. तिने एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

हिवाळा संपता संपता पत्र आलं. आपल्या देशातून तिची निवड झाली होती.

पेणमध्ये बातमी कुठे लपते! भाजीवालीसुद्धा मला विचारायला लागली. मी तिच्या घरी गेले तेव्हा बापाने हातातला कुंचला पाण्यात ठेवला, हात पुसले आणि मला पाटावर बसवलं. "बाई, तिकडं पोरीला खायला काय घालतील?" मी म्हटलं, उपाशी नाही ठेवणार. आई म्हणाली, "थंडी लय असल ना गो बाय?" तिने बाजारातून एक जाडजूड स्वेटर आणून ठेवला होता, त्याचा रंग इतका भडक होता की मला हसू आलं. पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला आले तेव्हा शेजारपाजारचे सगळे साक्ष द्यायला उभे. बाप मला दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "आमच्या हातात डोळे हायत तवर काम. माझ्या एका डोळ्याचं आता कमी झालंय. हिला तरी ह्यातून भायेर काढा."

मी म्हटलं, "काढते." इतक्या सहज म्हटलं मी ते.

पुढे माशी शिंकली. तिकडच्या प्राध्यापकबाईंचं ईमेल आलं, भाषा अगदी सभ्य. आमच्या कॉलेजच्या आठही खात्यांची उत्तरं जवळजवळ एकसारखी होती. ओळखण्यातल्या चुका पकडण्यासाठी त्यांनी मध्ये मध्ये संगणकावर बनवलेली चकवा चित्रं पेरली होती, आणि त्यांतली जी चुकली तीही आठही खात्यांत तीच चुकली होती. हे कसं झालं ते समजून घ्यायला आवडेल, असं त्यांनी लिहिलं होतं. दुसऱ्या एका देशातही असंच घडलं, तेव्हा कदाचित आमच्या सूचनाच अपुऱ्या असतील, हेही त्यांनीच लिहिलं होतं. ईमेल आमच्या प्राचार्यांना आणि आपल्याकडच्या संस्थेलाही गेलं होतं.

चोराच्या मनात चांदणं. मला त्यांचा सभ्यपणा दिसला नाही, फक्त 'आठही' हा शब्द दिसला. प्राचार्यांनी विचारलं, "मॅडम, हे काय? तुमचंही नाव आहे यात?" मी म्हटलं, "छे हो, मुलांनी आपापसात विचारलं असेल." आणि घरी येऊन तसंच उत्तर लिहिलं. मुलांनी चांगल्या हेतूने एकमेकांना विचारलं, त्यांच्याकडची कामाची पद्धत अशी, वगैरे दोन परिच्छेद अगदी खरे आणि सुंदर लिहिले. शेवटी एक ओळ टाकली की माझं काम मी स्वतंत्रपणे केलं होतं. ती ओळ मी एका दमात लिहिली.

बाईंनी मुलीशी बोलायचं ठरवलं. कॉलेजच्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल होता, प्राचार्यांच्या केबिनमध्ये, कारण नेट तिथेच टिकायचं. प्राचार्य बाजूच्या सोफ्यावर पेपर वाचत बसले होते, म्हणजे कान इकडेच होते. मुलगी माझ्या शेजारी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. तिला इंग्रजी बोलता येत नाही म्हणून दुभाषी मी.

बाई पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या होत्या. त्यांनी आधी तिला कारखान्याबद्दल विचारलं. भिवया कशा ओढतात हे तिने हवेत बोट फिरवून दाखवलं आणि बाई मनापासून हसल्या. मुलांनी तिला विचारलं का, यावर ती सरळ "व्हय" म्हणाली. बाईंनी मान डोलावली, ठीक आहे, ते पुन्हा करून घेऊ. मग त्या जरा पुढे झुकल्या आणि सावकाश बोलल्या. त्या म्हणाल्या, "मी आता विचारतेय ते तुला अडचणीत आणायला नाही. उत्तर काहीही असलं तरी तुझी जागा जाणार नाही, तुझ्या शिक्षिकेचंही काही बिघडणार नाही. आम्हाला फक्त खरं काय ते कळायला हवं. तुझ्या शिक्षिकाही तुला विचारून उत्तरं भरत होत्या का?"

मी तिच्याकडे वळले आणि म्हटलं, "त्या विचारतायत, मी तुला विचारून उत्तरं भरली का?"

एवढंच. आधीची तीन वाक्यं मी गाळली. मुद्दाम गाळली का? त्यावर मी पुष्कळ विचार केलाय. सोफ्यावरचा पेपर खाली आला होता, आणि ती तीन वाक्यं तिला मराठीत सांगितली असती तर ती प्राचार्यांच्या देखत खरं बोलून मोकळी झाली असती. मुद्दामच गाळली.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाय. मॅडमनी त्यांचं त्यांनी केलं."

मी त्याचं इंग्रजी केलं. चांगलं, अस्खलित इंग्रजी केलं.

चार दिवसांनी माझ्या ईमेलवर बाईंचं पत्र आलं. मुलांनी एकमेकांना विचारणं हा गुन्हा नाही, असं त्यात पुन्हा म्हटलं होतं. पण आठव्या खात्यातल्या चुका मुलीच्या चुकांशी तंतोतंत जुळतात, आणि सरळ विचारल्यावरही आम्हाला सरळ उत्तर मिळालं नाही. या कामात आम्ही एकमेकांना पाहिलेलंही नसतं, फक्त एकमेकांच्या शब्दावर चालतो. तेव्हा अशा स्थितीत जागा देता येत नाही. ती कोणत्या दडपणाखाली बोलली ते आम्हाला ठाऊक नाही, म्हणून पंधरा दिवस जागा राखून ठेवतो. तोवर तुम्हा दोघींपैकी कोणाला काही सांगायचं असेल तर जरूर लिहा.

पत्र प्राचार्यांना गेलं नव्हतं. बाईंनी तेवढी माझी लाज राखली होती.

पहिल्याच संध्याकाळी मी उत्तर लिहिलं. चार ओळींचं: ती खोटं बोलली ती माझ्यासाठी, मी तिला विचारून उत्तरं भरली, तिला जागा द्या, माझं नाव काढा. लिहून ठेवलं आणि सकाळी पाठवू म्हटलं. सकाळी वाटलं, हे संस्थेला कळणार, संस्थेकडून प्राचार्यांना, तिथून स्टाफरूमला. नोकरीची शेवटची वर्षं. ज्या स्टाफरूममध्ये मी पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या तिथे आता माझ्या चुकीवर चहा रंगणार. दुसऱ्या दिवशी शब्द बदलले. तिसऱ्या दिवशी 'कधी कधी विचारलं' असं केलं. मग तेही खोडलं.

आणखी एक होतं, आणि ते इथे लिहिलं नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला तिचा हेवा वाटत होता. ती जिथे जाणार होती तिथे जायला मी एका वयात रात्रंदिवस तळमळले होते. ती जाणार, आणि त्यासाठी मी स्वतःला खोटं ठरवून घ्यायचं, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. एका कोवळ्या पोरीचा हेवा, तोही आईच्या वयाच्या बाईने. नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नाही. तो विचारायचा, बरं वाटत नाही का? मी म्हणायची, उन्हाळा आहे.

परीक्षा संपून सुट्टी लागली होती. कारखान्यांत मात्र हंगाम तोंडावर, माणसाला पाणी प्यायला सवड नव्हती. तरी ती मुलगी रोज प्रयोगशाळेत यायची. पहिल्या दिवशी आली तेव्हा तिने दारातूनच विचारलं, "मॅडम, तिकडून काय आलं का?"

मी म्हटलं, "नाही अजून."

"बरं," म्हणाली. मग तिने संगणकांवरची धूळ पुसली, खुर्च्या पुसल्या, आणि एका कोपऱ्यात बसून जुनी चित्रं नव्याने बघायला घेतली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. यायची, पुसायची, बसायची, दुपारी "मॅडम, निघते" म्हणून जायची. मला तिची भीती वाटायला लागली. मी तिला म्हटलं, "अगं, घरी काम असेल ना, कशाला येतेस?" ती म्हणाली, "येते अशीच." तिच्या कपाळाला कधी कधी रंगाचा डाग असायचा, म्हणजे पहाटेपासून आखणीला बसून मग येत असणार. मी मात्र टेबलाचा खण उघडायची, बंद करायची, उगाच कागद चाळायची.

पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी मी तिला सांगितलं की यंदा त्यांनी जागाच कमी केल्यात, आपल्याकडची गेली. तिने समोरचा संगणक बंद केला. मग "बरं" म्हणाली, चप्पल घातली आणि निघाली. तिच्या बापाला तोंड दाखवायला मी गेले नाही. पुढच्या वर्षी उपक्रमातून आमच्या कॉलेजचं नाव आपोआप गळलं, आणि प्राचार्यांनी तो फ्लेक्स उलटा करून सायकल स्टँडवर ताडपत्रीसारखा बांधला. शोधनिबंध निघाला, त्यात मी नव्हते. मी तो पूर्ण वाचला. चांगला होता.

ती बी.एस्सी. झाली आणि रोह्याच्या एका कंपनीत मापकं तपासायच्या कामाला लागली. मी निवृत्त झाल्यावर एकदा अष्टमीच्या बाजारात समोरासमोर आलो. तिने मला आधी ओळखलं. वाकून नमस्कार केला, आणि माझा जीव अर्धा झाला. मी तिला बळेच घरी आणलं. चहा ठेवला, तिच्यासमोर बसले आणि घाईघाईने, ती निघून जाईल या भीतीने, सगळं सांगून टाकलं. बाईंनी आधी काय म्हटलं होतं ते, गाळलेली वाक्यं, पत्र, पंधरा दिवसांची मुदत, न पाठवलेलं उत्तर. हेव्याचंसुद्धा सांगितलं. सांगताना मी रडले. ती रडली नाही.

"मॅडम, ते पत्र मलापण आलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला आलं त्याच दिवशी."

डोळे पुसता पुसता मी थांबले.

"आणि त्या बाई पहिलं काय बोलल्या तेपण कळलं होतं. मला इंग्रजी बोलता नाय यायचं. समजत होतं."

"मग तू 'नाही' असं का म्हणालीस?"

"प्राचार्य बसले होते तिथं. त्यांच्यासमोर तुम्हाला खोटं पाडायचं व्हय?" तिने कप खाली ठेवला. "मला वाटलं, मी नाय म्हटलं की तुम्ही सांगाल त्यांना. बोलणाऱ्या तर तुम्हीच होतात."

"पण पत्र आल्यावर तू लिहायचंस ना त्यांना," मी म्हटलं, आणि बोलता बोलताच माझी मला लाज वाटली. अजूनही मी तिच्याच गळ्यात घालत होते.

तिचा आवाज चढला नाही. "तुमचं होतं ते सांगायचं, मॅडम. बा रोज ओरडायचा, हंगाम हाय, कामं पडलीत, कुठं जातेस म्हणून. तरी मी पंधरा दिवस रोज येत होते. तुम्हाला काय वाटलं, मी खुर्च्या पुसायला येत होते?"